खुशबूच्या पत्राची मागची बाजू

केंद्रप्रमुखांचा फोन आला तेव्हा मी खिचडीची चव घेत होते. पोरांच्या आधी शिक्षकानं चव घ्यायची आणि तसं रजिस्टरमध्ये लिहायचं, असा नियम आहे. आमच्या शाळेत सहावी ते आठवीला शिकवणारी मी एकटी, मुख्याध्यापकाचा प्रभारही माझ्याकडेच, तेव्हा चव घेणारीही मीच. तोंडात गरम घास होता.

"सेलोकर मॅडम, तब्येत ठीक आहे ना तुमची?"

"ठीकच आहे सर. काहून?"

"मंग हे काय पाठवलं जी तुम्ही? वर्ग वाचवाचे आहेत का बुडवाचे आहेत?"

मी घास गिळला. म्हटलं, "पोरांची पत्रं आहेत सर, अठरा. वर गोषवारा लावला आहे."

"गोषवारा राहू द्या. त्याच्या खालचं पहिलं पत्र. खुशबू मोटघरे, वर्ग सातवा. त्याची मागची बाजू वाचा. फोटो टाकला तुमच्या मोबाइलवर. आन् मॅडम, त्याच्या खाली तुमचा शेरा आहे, लाल पेनानं. साहेबानं आफिसात सगळ्यायसमोर मोठ्यानं वाचून दाखवला."

फोन ठेवला. खुशबूच्या पत्राला मागची बाजू होती, हेच मला आठवेना. स्वयंपाकघराच्या बाजूला रेंज नसते, म्हणून मी हातपंपापर्यंत चालत गेले आणि फोटो उघडायची वाट पाहत उभी राहिले. तो गोल गोल फिरत होता. तोवर हे प्रकरण काय होतं ते सांगते.

आमचं गाव नवीन सिरसघाट. जुनं सिरसघाट गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. मी मूळची कारध्याची, रोज स्कूटीनं पूल ओलांडून, भंडारा पार करून येते, त्यामुळे जुनं गाव मी पाहिलेलं नाही, पण ऐकून ऐकून त्यातली घरंसुद्धा मला पाठ झाली आहेत. पुनर्वसनात अठरा सोयी मिळतील म्हणून सरकारनं लिहून दिलं होतं. त्यातली एक मात्र पहिल्या दिवसापासून चालू राहिली, ती म्हणजे शाळा. नळ यायच्या आधी शाळा होती. म्हणून डिसेंबरात जेव्हा पत्र आलं, की सहावी ते आठवीचा पट अठराच आहे, वर्ग बंद करून मुलं शहापूरच्या शाळेत पाठवायचं प्रस्तावित आहे, हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवा, तेव्हा गावात कुणी मेल्यासारखी शांतता पसरली.

शाळा समितीचे अध्यक्ष पुंडलिकराव सत्तरीचे आहेत. जुन्या गावातली शाळा बुडाली तेव्हा हे तिच्या पायरीवर बसून रडले होते, असं लोक सांगतात. ते मला म्हणाले, "मॅडम, मोठ्यायचं कोणी ऐकत नाही. आम्ही तीस वर्सं अर्ज करून राहिलो, एकाचं उत्तर नाही आलं. आता पोरायच्या हातानं लिहा."

मला हे फारच आवडलं. कारण त्याच महिन्यात पत्रलेखन आणि सारांश शिकवायचा होता, तिन्ही वर्गांना एकत्रच, आणि या दोन गोष्टी मला जशा शिकवता येतात तशा जिल्ह्यात कुणाला येत नाहीत, असा माझा समज होता. आता हसू येतं, पण तेव्हा तो पक्का होता.

मन कसं वळवायचं, हे मी पोरांना फळ्यावर शिकवत नाही. मी खुर्चीत बसते आणि म्हणते, आज मंडईची, म्हणजे गावच्या जत्रेची, अर्धी सुट्टी हवी ना, मग मला वळवून दाखवा. रिता उठून म्हणाली, "मॅडम, सुट्टी द्या, नाहीतर आम्ही उद्या येणारच नाही." मी म्हटलं, बस खाली, ही धमकी झाली. दुसऱ्यानं म्हटलं, सुट्टी दिली तर तुमच्यासाठी जिलबी आणू. ती लाच झाली. मग खुशबू उठली. बारीकशी पोरगी, वेणी कायम एका खांद्यावर, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणारी. म्हणाली, "मॅडम, परीक्षा जवळ आली, तुम्हाले काळजी वाटते, ते बरोबरच आहे. पण आज आम्ही बसलो तरी आमचं ध्यान ढोलाकडे राहील. हाच धडा उद्या पुन्हा शिकवावा लागेल. मंग तुमचेच दोन दिवस जातील." मी सुट्टी दिली. आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: आधी समोरच्याचं म्हणणं मान्य करा. मग आपलं सांगा. शेवटी, जे खरं वाटतं तेच लिहा, कारण खोट्यानं कुणी वळत नाही.

सारांशाला जास्त त्रास पडला. विहिरीत पडलेल्या बिबट्याची बातमी दिली आणि म्हटलं, एक-तृतीयांश करा. निम्म्या वर्गानं लिहिलं, "एक अत्यंत थरारक घटना घडली व सर्वांनी सुटकेचा निःश्वास सोडला." बिबट्या गायब, विहीरही गायब! मी चिडले, ओरडले, एकाची वही भिरकावलीसुद्धा. माझा आवाज चढला की शेजारची पहिलीची पोरंही गप्प बसतात. पण चार दिवसांत त्यांना जमलं. मग मी सांगितलं, साहेब लोक गठ्ठा वाचत नाहीत, वरचं पान वाचतात, म्हणून तुमच्या अठरा पत्रांचा सारांश तुम्हीच करायचा आणि तो वर लावायचा. पोरांनी तोही केला.

पत्रं तपासली त्या शुक्रवारी माझ्याकडे मतदार याद्यांचं काम होतं. सायंकाळी पाचपर्यंत नावं मोबाइलवर चढवायची होती, आणि ते ॲप दर दहाव्या नावाला बंद पडत होतं. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात लाल पेन. खुशबूचं पत्र हातात आलं. मोत्यासारखं अक्षर. पुढचं पान मी वाचलं, ते मला आजही पाठ आहे. "आमचे जुने गाव पाण्यात गेले. नवीन गावात देवळाच्या आधी शाळा बांधली, असे आमचे आजोबा सांगत होते. शाळेचे वर्ग गेले तर गावाला फार दुःख होईल, हे मला मान्य आहे. शहापूरला जाताना हायवे ओलांडावा लागतो, त्याची सर्वांच्या आईला भीती वाटते, हेसुद्धा खरे आहे."

वाचून माझे डोळे भरून आले. तेवढ्यात मोबाइलवर बंद पडलेलं ॲप चालू झालं. मी कागद पलटला, खाली सही दिसली, सहीखाली लिहिलं, "अगदी खरं! उत्कृष्ट!" आणि नाव चढवायला लागले.

सोमवारी पत्रं पालकांच्या सहीसाठी घरी पाठवली. मंगळवारी परत आली. सगळ्यात चांगली वही गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवायची माझी बावीस वर्षांची सवय आहे. खुशबूचं पत्र मी माझ्याच हातानं वर ठेवलं, त्यावर पोरांचा गोषवारा टाचला आणि गठ्ठा पाठवून दिला. त्या गोषवाऱ्यात, पोरांनी इमानदारीनं, एक वाक्य लिहिलं होतं: "एका पत्रात वेगळे मत आहे." तेही मी वाचलं नव्हतं.

हातपंपाजवळ फोटो उघडला. मी वाचायला लागले.

"पण साहेब, मला वाटते की आमचे वर्ग शहापूरला न्यावे. त्याचे कारण सांगते. मी जूनपासून वहीच्या शेवटच्या पानावर रेघा मारते. डिसेंबरपर्यंत मराठीचे ११२ तास व्हायला पाहिजे होते. त्यातले ४३ झाले. विज्ञानाचे ९ झाले, तेसुद्धा मॅडमनीच घेतले, कारण विज्ञानाचे सर बदलून गेले आणि दुसरे आले नाहीत. बाकीच्या तासांना मॅडम याद्यांचे काम, प्रशिक्षण, बैठक किंवा मोबाइलवर माहिती भरणे यात असतात. तेव्हा आम्ही शुद्धलेखन काढतो. एकच धडा मी सात वेळा उतरवला आहे.

"यात मॅडमची चूक नाही. मॅडम शिकवतात तेव्हा खिचडीची घंटा झाली तरी उठावेसे वाटत नाही. ४३ तासांत मी हे पत्र लिहायला शिकले. ११२ झाले असते तर आणखी काय आले असते, असे मला रोज वाटते.

"मी एकटी शहापूरला जाते म्हटले तर आई पाठवणार नाही. आम्ही अठराही जण मिळून गेलो तर पाठवेल. म्हणून आमचे वर्ग येथे ठेवू नये, ही नम्र विनंती. हे वाचून मॅडमनी रागावू नये."

खाली सही. त्याखाली मंदाबाई मोटघरे, तिच्या आईची सही. आणि दोन्हींच्या मधे, ठसठशीत लाल अक्षरांत, अगदी खरं! उत्कृष्ट!

मी हातपंपाचा दांडा धरून उभी राहिले. अंगाला दरदरून घाम सुटला होता, आणि जानेवारीचे दिवस होते. पहिल्यांदा मला राग आला. बारा वर्षांची पोरगी माझ्या पाठीमागे रेघा मारत होती! मी काय घरी झोपा काढत होते का? मला कुणी विचारलं होतं का, की मॅडम, याद्या करता का? मग मी ऑफिसात जाऊन माझं टाचण, म्हणजे रोजच्या तासांची वही, काढलं आणि मोजायला बसले. म्हटलं, हिचा आकडा खोटा निघू दे, मग बघते. प्रशिक्षणाचे दिवस वजा केले, बैठकांचे केले, याद्यांचे, सर्वेक्षणाचे. माझ्या मोजणीत बेचाळीस आले. पोरीनं मला एक तास जास्तच दिला होता.

दुपारी पुंडलिकराव आले. त्यांना गावात आधीच कळलं होतं. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. व्हरांड्यातल्या बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मॅडम, तुम्ही खरंच लिवलं का तसं?"

"माझाच शेरा आहे, भाऊ."

"पाण्यानं एकदा नेली. आता पोट्टीच्या कागदानं नेऊ नका. शनवारी साहेब सुनावणीले येऊन राहिले. त्या पोरीले म्हणाव, सराव म्हणून लिवलं होतं. दुसरं पत्र लिहून घ्या तिच्याकडून. तुमच्यासाठी लिहून देईल ते."

मला तोडगा पटला. निदान तेव्हा पटला. शाळा सुटल्यावर मी मोटघऱ्यांच्या घरी गेले. मंदाबाई नुकत्याच धानाच्या बांधीतून लाखोळीचं पीक उपटून आल्या होत्या, ओसरीत पेंढ्या टाकलेल्या होत्या. मला पाहून त्या पदर सावरत उठल्या, खुशबूला पाणी आणायला पाठवलं, आणि मी तोंड उघडायच्या आतच बोलायला लागल्या.

"मॅडम, तुम्ही आल्या, बरं झालं. मी तं हिले नाहीच म्हणत होतो. हायवेवर ट्रक कसे येतेत, तुम्हाले माहीत आहे. हिचे बाबा नाही. म्हटलं, आठवी झाली का बस. पण हिनं तुमचं लाल अक्षर दाखवलं. मले वाचता येत नाही जास्त, पण रिताच्या मायनं वाचून सांगितलं, मॅडमनं 'अगदी खरं' लिवलं म्हणे. म्हटलं, मॅडमच म्हणते तं मंग मी कायले अडवू? केली सही."

काय बोलायचं ते मी वाटेत घोकून आले होते. मंदाबाईंचं मन माझ्या दोन शब्दांनी वळलं होतं, आणि ते दोन शब्द मी न वाचता लिहिले होते.

खुशबू पाण्याचा गडवा घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट ती माझ्याकडे असं पाहत होती, की जणू आमच्या दोघींचं काही ठरलेलं आहे.

"काहून लिहिलं तू असं?" मी विचारलं. आवाज चढवायचा होता, चढला नाही.

"तुम्हीच सांगितलं होतं मॅडम, खरं वाटते तेच लिवाचं."

"मला आधी सांगायचं होतंस."

"भेव वाटत होता. म्हणून पत्रातच लिवलं. वाटलं, वाचून तुम्ही मले मारान. मंग तुम्ही 'अगदी खरं' लिवलं." ती हसली. "मी रातभर झोपलो नाही त्या दिवशी. म्हटलं, मॅडमले बी असंच वाटून राहिलं होतं, पण त्यायले बोलता येत नसन."

या क्षणी मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मी पाणी प्यायले आणि म्हटलं, "शनिवारी साहेब विचारतील. तू म्हण, सराव होता."

"म्हणजे खोटं?"

"गावासाठी. पुंडलिकभाऊंनी सांगितलं आहे."

तिनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "तुम्ही म्हणान तं म्हणीन." दुसरं पत्र लिहून घ्यायचं माझ्यानं झालं नाही. मी तशीच निघाले. कारध्याच्या पुलावर स्कूटी बाजूला लावून मी कितीतरी वेळ उभी होते, आणि घरी गेल्यावर नवऱ्यावर विनाकारण खेकसले.

शनिवारी सकाळची शाळा होती. विस्तार अधिकारी साडेनवाला आले. मी धास्ती घेतली होती, पण माणूस साधा निघाला, हळू बोलणारा. सातवीच्या वर्गात सतरंज्या टाकल्या होत्या. एका बाजूला पालक, दुसऱ्या बाजूला अठरा पोरं दप्तरासकट. पुंडलिकराव बोलले. फार छान बोलले. अठरा सोयींची यादी त्यांनी तोंडपाठ म्हटली, एकेक सोय आज कशी आहे ते सांगितलं, आणि शाळेपाशी येऊन थांबले. मागच्या बाया डोळे पुसत होत्या. मला वाटलं, वाचली शाळा.

मग साहेबांनी फाइलमधून खुशबूचं पत्र काढलं. "मोटघरे कोण?"

खुशबू उभी राहिली.

"बाळ, घाबरू नको. हे तू मनानं लिहिलं, का सराव म्हणून?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी फळ्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "सराव होता." तो आवाज तिचा नव्हताच. दर प्रश्नाला समोरच्याच्या डोळ्यांत पाहणारी पोरगी सतरंजीकडे पाहून बोलली. पुंडलिकरावांनी सुस्कारा सोडला.

साहेबांनी कागद पलटला, माझ्यासमोर धरला. "मग मॅडम, सरावाच्या पत्रावर 'अगदी खरं' असा शेरा कसा? तुम्ही हे वाचून लिहिलं होतं ना?"

पुंडलिकराव माझ्याकडे पाहून मान हलवत होते. त्यांना काय हवं आहे ते मला कळत होतं. नाही म्हणायचं, घाईत राहून गेलं म्हणायचं, शेरा रद्द झाला की पत्रही रद्द. खरं बोलायचं होतं आणि खरं बोलून शाळाही वाचत होती. इतकं सोपं कधी मिळतं का? मी म्हटलं, "नाही साहेब. वाचलं नव्हतं."

पुंडलिकराव म्हणाले, "बघा साहेब! मॅडम घाईत होत्या—"

"भाऊ, थांबा," मी म्हटलं. माझा आवाज चढला, आणि यावेळी मी तो चढू दिला. "साहेब, पुढचं पान वाचलं, मागचं वाचलं नाही. त्या दिवशी मी याद्यांची नावं चढवत होते. मागच्या पानावर ही पोरगी तेच तर सांगते आहे. मी स्वतः टाचण काढून मोजलं, तिचा आकडा बरोबर आहे. आणि सराव वगैरे काही नव्हता. तसं म्हणायला मी लावलं तिला."

साहेबांनी लिहायला सुरुवात केली. पुंडलिकराव उठले, टोपी घातली आणि माझ्याकडे न पाहता दारातून बाहेर गेले. त्यांच्यामागून चार-पाच जण गेले. मी त्यांना थांबवू शकले नाही. त्यांचं काय चुकलं होतं? आजही ते मला रस्त्यात भेटले की मान फिरवतात, आणि मला त्यांचा राग येत नाही.

आदेश पुढे मार्चमध्ये आला. सहावी ते आठवी शहापूरला, मुलांसाठी गाडीची सोय, माझी बदली पलीकडच्या तालुक्यात. मंदाबाईंनी खुशबूला पाठवायचं कबूल केलं आहे. शनिवारीच, उठता उठता त्या मला म्हणाल्या होत्या, "तुम्ही वाचलं नसन मॅडम, पण पोरगी खोटी नाही बोलली." हे सगळं चांगलं झालं असं लोक मला आता सांगतात, निदान तालुक्याच्या गावचे लोक.

पण मी सांगते आहे ती गोष्ट त्या शनिवारी सकाळीच संपली. साहेब लिहीत होते, पालक कुजबुजत होते, आणि मी खुशबूकडे पाहिलं. मला वाटलं होतं, तिला हायसं वाटलं असेल. तिची बाजू मी सगळ्या गावासमोर घेतली होती, माझी जागा घालवून घेतली होती. मला शाबासकीच हवी होती म्हणा ना! पण ती उभीच होती, तोंड उघडं, चेहरा पांढराफटक. माझ्याकडे ती अशी पाहत होती, की मी कोण आहे हेच तिला कळेना.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही वाचलंच नव्हतं?"

"नाही गं."

"मंग 'अगदी खरं'?"

ती खाली बसली. तिनं दप्तरातून निबंधाची वही काढली आणि एकेक पान उलटायला लागली. प्रत्येक पानाखाली माझं लाल अक्षर होतं. छान. उत्तम. असेच लिहीत राहा. प्रत्येक शेऱ्यावर ती बोट ठेवत होती, आणि पुढे जात होती. तिच्या शेजारच्या पोरानं तिच्याकडे पाहिलं आणि त्यानंही आपली वही काढली. मग पुढच्या ओळीनं. साहेबांच्या समोर, पालकांच्या समोर, अठरा पोरं मान खाली घालून माझे शेरे पाहत बसली होती. फक्त पानं उलटल्याचा आवाज येत होता.

शेवटी रिता उठली. तिला मी वर्षभरात एकदाच 'उत्कृष्ट' दिलं होतं, तिच्या वारलेल्या आजीवर लिहिलेल्या निबंधाला. तो मी रात्री घरी नेऊन दोनदा वाचला होता, नवऱ्यालाही वाचून दाखवला होता. ती वही उघडी धरून माझ्यापाशी आली.

"मॅडम, हा तरी वाचला होता का?"

"वाचला होता, रिता. दोनदा. आईशप्पथ."

तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग वही मिटली, "हो मॅडम" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. तिचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता.